दोनदा तुंबलेली अन्नपिशवी : घरच्या एका कोंबडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

चार कोंबड्या, एक लाकडी खुराडं, त्याला लागून जाळीचं आवार आणि दुपारनंतर मोकळं फिरायला मागचं अंगण, एवढा हा पसारा. सांभाळणारी थोरली बहीण. तिला आपण ताईच म्हणू. तिचा धाकटा भाऊ शेजारच्याच घरात राहतो आणि अडीनडीला धावून येतो. ताईंची नऊ वर्षांची मुलगी रोज सकाळी अंडी गोळा करते आणि त्यांतलंच एक खाते. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लक्षणं, त्यांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत. ताईंनी वहीत नोंदी ठेवल्या होत्या, म्हणूनच हे प्रकरण मांडता येतं आहे.

यातली भुरी अडीच वर्षांची, चौघींत वयाने मोठी आणि खायला सगळ्यांत पुढे. खाद्य म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळणारं तयार लेअर फीड. शिवाय एका भांड्यात शिंपल्यांचा चुरा आणि घरच्याच अंड्यांची कुटलेली टरफलं. खडे वेगळे ठेवलेले नव्हते. "मातीत फिरतात, लागतील तेवढे खडे त्या स्वतःच उचलतात," असा ताईंचा समज होता, आणि पुष्कळ घरांत तो असतो. शिंपल्यांचा चुरा पोटातल्या आम्लात विरघळतो, त्यातून कवचासाठी कॅल्शियम मिळतं, पण पोटात दाणे दळायचं काम त्याने होत नाही. त्यासाठी ग्रॅनाइटचे किंवा गारगोटीचे न विरघळणारे बारीक खडे लागतात. खडे ठेवले नाहीत तर कोंबडी समोर दिसेल ते टणक, कणीदार उचलते. ते काय आहे हे तिला कळत नाही.

अडचण

एका सकाळी भुरी खुराड्यातून शेवटी बाहेर आली. दाण्यांकडे गेली, दोन-चार दाणे टिपले आणि मान वाकडी करून थांबली. मान पुढे ताणायची, झटका द्यायची, पुन्हा ताणायची. ताईंनी तिला उचललं तेव्हा छातीच्या वर, भुरीच्या उजव्या बाजूला, मोठा गोळा हाताला लागला.

तो गोळा म्हणजे अन्नपिशवी, क्रॉप. ती अन्ननलिकेचाच फुगीर भाग आहे. टिपलेले दाणे तिथे साठतात, भिजतात आणि थोडे थोडे पुढे सरकतात, आधी पाचक रस पाझरणाऱ्या जठरात आणि मग गिझर्डमध्ये, म्हणजे खड्यांच्या मदतीने अन्न दळणाऱ्या जाड स्नायूंच्या पिशवीत. संध्याकाळी अन्नपिशवी टच्च भरलेली असली तर ती कोंबडी व्यवस्थित जेवली आहे, इतकंच समजायचं. बघायचं असतं ते पहाटे, तोंडात एकही दाणा जाण्याआधी. रात्रभरात पिशवी रिकामी होऊन चपटी पडायला हवी. भुरीची पडली नव्हती.

मात्र ताईंच्या खुराड्यात खाद्याचं भांडं रात्रीही आतच असायचं. त्यामुळे उजाडताच भुरीने पोट भरून घेतलं असण्याची शक्यता होती. ताईंनी औषधोपचाराला हात न लावता भुरीला एका खोक्यात वेगळं ठेवलं. खाली पेंढा न घालता जुना टॉवेल अंथरला, कारण उपाशी कोंबडी पेंढाही खाते आणि तोच पुढे अडकतो. पाणी दिलं, खाद्य काढून घेतलं आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा हात लावून पाहिलं. गोळा तसाच होता. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि राहायचा, मळलेल्या कणकेत पडावा तसा. आत धागेही लागत होते. चोचीला वास नव्हता. विष्ठा थोडी, हिरवट, पण होत होती.

दोनच दिवसांपूर्वी अंगणातलं वाढलेलं गवत कापून त्याचे ढीग तिथेच सोडले होते. लांब, चिवट पात्यांचा गुंता अन्नपिशवीत अडकणं हे तुंबण्याचं सर्वांत ओळखीचं कारण. जमिनीत रुजलेलं गवत कोंबडी ठोकून तुकडा तोडते. कापून पडलेलं पातं मात्र ती अख्खं गिळते. सगळे धागेदोरे जुळत होते.

समोरचे पर्याय

भावाचं पहिलं म्हणणं, "ताई, उलटी धर आणि दाबून ओकायला लाव, सगळं बाहेर येईल." त्याने तसा व्हिडिओ पाहिला होता. हा उपाय फार पसरलेला आहे आणि मला त्याची फार भीती वाटते. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं आणि त्यावर झाकण नसतं. वर आलेला द्रव क्षणात फुप्फुसांत जाऊ शकतो. कोंबडी तिथल्या तिथे गुदमरते, नाहीतर दोन-तीन दिवसांनी न्यूमोनियाने जाते आणि घरच्यांना वाटतं की मूळ आजारच बळावला. शिवाय कणकेसारखा घट्ट गोळा उलटं धरून बाहेर येतच नाही. ताईंनी नकार दिला. भाऊ नाराज झाला, पण त्याने हट्ट केला नाही.

दुसरा पर्याय पाण्यात अ‍ॅपल सायडर व्हिनेगर घालण्याचा. अन्नपिशवीतलं वातावरण मुळातच आम्लधर्मी असतं, आणि अडकलेल्या गवताला त्या थोड्याशा आम्लाने काही होत नाही. त्यात ताईंचं पाण्याचं भांडं जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं होतं. अशा भांड्यात आम्ल घातलं की जस्त पाण्यात उतरतं आणि पक्ष्यांना ते विषारी असतं. हाही पर्याय बाद झाला.

तिसरा, पिशवी मऊ करून हलक्या हाताने चोळायची आणि एक-दोन दिवस वाट पाहायची. चौथा, थेट पशुवैद्याकडे जायचं. पक्षी तपासणारे पशुवैद्य लांब होते आणि भुरी अजून उभी राहत होती, पाणी पीत होती, डोळे तिचे टवटवीत होते. ताईंनी तिसरा पर्याय निवडला, पण मुदत ठरवून. दोन पहाटे पाहायचं. पिशवी उतरत नसेल, भुरी पाणी सोडेल किंवा विष्ठा थांबेल, तर निघायचं. मुदत आधीच ठरवली ही या पहिल्या फेरीतली सर्वांत चांगली गोष्ट. घरगुती उपाय करणारा माणूस रोज "उद्या बघू" म्हणत राहतो, आणि कोंबडी आजार लपवते, त्यामुळे तो उद्या फार उशिराचा निघतो.

पहिल्या फेरीत काय केलं

आधी पाणी. कोमट पाणी समोर ठेवून भुरीला स्वतःच्या चोचीने पिऊ दिलं. सिरिंजने घशात ओतलं नाही. कारण उलटं न धरण्याचं जे, तेच. मग खोबरेल तेल थंड करून घट्ट केलं आणि त्याचे वाटाण्याएवढे तुकडे चोचीत ठेवले. पातळ तेलापेक्षा हा प्रकार सुरक्षित, कारण कोंबडी तुकडा दाण्यासारखा गिळते. त्यानंतर भुरीला मांडीवर सरळ बसवून, डोकं वर ठेवून, बोटांच्या पेरांनी गोळा पाच-सात मिनिटं हलकेच कुस्करला. दिवसातून चार वेळा. चोचीतून द्रव येतोय असं वाटलं की लगेच थांबायचं, असं ठरलेलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी गोळ्याचे दोन भाग झाल्यासारखे लागले. तिसऱ्या पहाटे पिशवी अर्ध्याहून कमी झाली होती. विष्ठेत गवताच्या चिंध्या दिसल्या. मग पाण्यात भिजवून पातळ केलेलं लेअर फीड दर दोन-तीन तासांनी चमचाभर. उपास त्यापलीकडे ताणला नाही. उपाशी ठेवून पिशवी रिकामी होते ही कल्पना अर्धवट खरी आहे. हालचाल सुरू राहायला आतड्याला काहीतरी पुरवावं लागतं, आणि अंड्यावरची कोंबडी उपासाने लवकर खंगते.

चौथ्या पहाटे पिशवी चपटी. भुरी आवारात परत गेली. गवताचे ढीग उचलले. सगळ्यांना वाटलं, संपलं.

दुसऱ्यांदा

तीन आठवड्यांनी पुन्हा मान ताणणं सुरू झालं. या वेळी पिशवी घट्ट नव्हती. अर्धी भरलेली, लिबलिबीत, दाबलं की आतलं पाणी हलताना जाणवायचं, आणि चोच उघडली की आंबलेला वास यायचा.

भावाने लगेच निदान केलं, "ताई, हा सावर क्रॉप आहे, पिशवी आंबलीय. बुरशीचं औषध दे." तो चुकीचं बोलत नव्हता. पिशवीत अन्न साचलं की कॅन्डिडा अल्बिकन्स नावाची यीस्ट, म्हणजे बुरशीचाच एक प्रकार, तिथे फोफावते, आणि वास व लिबलिबीतपणा ही तिचीच खूण. पण ही यीस्ट थोड्या प्रमाणात निरोगी कोंबडीतही असते. ती वाढते कारण अन्न पुढे सरकत नाही, किंवा अँटिबायोटिकने तिला रोखणारे जिवाणू मेलेले असतात. भुरीला अँटिबायोटिक दिलेलं नव्हतं. म्हणजे यीस्ट सापडली तरी प्रश्न उरतोच की अन्न का थांबलं होतं. गवत तर आता अंगणात नव्हतं.

इथे ताईंच्या वहीत चार दिवसांच्या नोंदी आहेत आणि त्या वाचताना जीव कासावीस होतो. कारण सगळं तिथे लिहिलेलं आहे, फक्त एकमेकांशी जोडलेलं नाही. पहिल्या दिवशी, "रात्री दांडीवर चढली नाही, खाली कोपऱ्यात बसली." दुसऱ्या दिवशी, "तुरा फिका वाटतो. बाकीच्यांची अंडी येतात, भुरीचं नाही." तिसऱ्या दिवशी, "पातळ, गडद हिरवी विष्ठा." चौथ्या दिवशी, "उडी मारताना पाय घसरला."

दांडीवर न चढण्याचा आणि अंडं बंद होण्याचा अर्थ घरात असा लावला गेला की भुरी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. खुडूक कोंबडीही कमी खाते, पिसं फुलवते, खाली बसून राहते. पण ती घरट्यात बसते, कोपऱ्यात नाही. हात नेला की गुरगुरते. आणि दिवसातून एक-दोनदा उठून भलीमोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते. भुरीचं यातलं काहीच नव्हतं. हिरव्या विष्ठेचा अर्थ मात्र पहिल्या फेरीत ताईंनी बरोबर लावला होता: पोटात अन्न नसलं की पित्ताचा हिरवा रंग तेवढा उतरतो. तोच अर्थ दुसऱ्यांदा आपोआप लागू झाला आणि दुसरं कारण शोधायचं राहिलं.

वजनानेही फसवलं. ताईंनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर खोका ठेवून भुरीला तोललं. 1 किलो 680 ग्रॅम. काही महिन्यांपूर्वी जंतनाशकाची मात्रा ठरवण्यासाठी केलेलं वजन 2 किलो 100 होतं. "कमी झालंय, पण दोनदा आजारी पडली, तेवढं होणारच," असं ताईंना वाटलं. या 1 किलो 680 मध्ये पिशवीत साचलेलं पाणीही मोजलं गेलं होतं. पिशवी भरलेली असताना काटा खोटं सांगतो. अशा वेळी छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावं. दोन्ही बाजूंचं मांस भरलेलं असेल तर हाडाची धार जेमतेम लागते. भुरीची धार बोटाला टोचत होती.

पाचव्या दिवशी ताई पशुवैद्याकडे गेल्या.

दवाखान्यातला निर्णय

पशुवैद्यांनी आधी पिशवीतल्या द्रवाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. कळ्या फुटणारी यीस्ट भरपूर होती. भावाचं निदान तेवढ्यापुरतं खरं ठरलं. मग श्वासनलिका सुरक्षित ठेवून, नळी घालून पिशवी धुतली. आत गवताचा गोळा नव्हता, दोरा नव्हता, प्लास्टिक नव्हतं. आंबलेलं खाद्य आणि पाणी, बस. धुतल्यानंतर वजन 1 किलो 540 ग्रॅम. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त वजन गेलं होतं.

ताईंनी विचारलं, "पिशवी कापून साफ करावी लागते असं ऐकलंय. तेच करून टाकायचं का?"

पशुवैद्य म्हणाले, "कापून काय काढू? आत अडकलेलं काहीच नाही. पिशवी हलत नाहीये, आणि ती का हलत नाही ते पिशवीत सापडणार नाही. तुम्ही मला एक सांगा, गेल्या दोन-तीन महिन्यांत अंगणात काही दुरुस्ती, रंगकाम, खरवडणं झालं का?"

झालं होतं. आवाराला लागून असलेल्या जुन्या शेडच्या खिडकीच्या चौकटी भावाने पत्रीने खरवडल्या होत्या. रंगाचे थर जुने, एकावर एक चढलेले, आणि अशा जुन्या रंगात शिसं असू शकतं. खपल्या खाली पडल्या, झाडून घेतल्या, पण मातीत मिसळल्या त्या तिथेच राहिल्या. पहिल्या तुंबण्याआधी सुमारे महिनाभराची ही गोष्ट. ताईंच्या वहीत तिची नोंद नव्हती, कारण तिचा कोंबडीशी काही संबंध आहे असं कोणालाही वाटलं नसतं.

इथे खर्चाचा प्रश्न आला. पिशवी धुऊन, बुरशीचं औषध घेऊन घरी जाणं हा एक मार्ग. एक्स-रे आणि रक्तातल्या शिशाची तपासणी हा दुसरा. पशुवैद्यांनी दबाव आणला नाही. दोन वाक्यांत फरक सांगितला: औषधाने वास जाईल, पण पिशवी का थांबली हे कळणार नाही, आणि शिसं असेल तर ते एका कोंबडीपुरतं नाही, अंड्यातून घरातही जातं. ताईंनी दोन्ही तपासण्या करायला सांगितल्या.

एक्स-रेत गिझर्डमध्ये तीन-चार लख्ख पांढरे ठिपके दिसले. साधे खडेही एक्स-रेत दिसतात, पण धातूइतके उजळ नसतात. रंगाच्या खपल्या प्रत्येक वेळी दिसतीलच असं नाही, म्हणून नुसत्या एक्स-रेवर न थांबता रक्त पाठवलं होतं. रक्तात शिसं पुष्कळ वाढलेलं निघालं.

सगळी साखळी इथे उलगडते. खडे मिळत नव्हते म्हणून भुरीने खपल्या खडे समजून टिपल्या. खडे जिथे साठतात तिथेच, गिझर्डमध्ये, त्या अडकल्या. तिथे आम्ल आहे आणि सतत दळण आहे. त्यात शिसं झिजून, विरघळून रक्तात गेलं. शिसं मज्जातंतूंवर परिणाम करतं. अन्नपिशवी आणि जठर यांना पुढे ढकलण्याची आज्ञा त्याच तंतूंकडून येते, म्हणून पिशवी मंदावली. रक्ताच्या पेशी तयार होण्यात अडथळा आला म्हणून तुरा फिका. पाय घसरला तोही त्याच कारणाने. पहिल्या वेळी गवत खरोखर अडकलं होतं, पण बाकीच्या तिघींनीही तेच गवत खाल्लं होतं आणि त्यांना काही झालं नव्हतं. भुरीची पिशवी तेव्हाच मंद पडू लागली असावी असं मला वाटतं. हे सिद्ध करता येणार नाही.

उपचार आणि घर

शिसं बांधून शरीराबाहेर काढणारं औषध, कॅल्शियम ईडीटीए, इंजेक्शनने सुरू झालं. काही दिवस देऊन मध्ये खंड, कारण मूत्रपिंडावर ताण येतो. यीस्टसाठी निस्टॅटिन. हे औषध आतड्यातून रक्तात शोषलं जात नाही, यीस्टला प्रत्यक्ष लागलं तरच काम करतं, म्हणून ते रिकाम्या पिशवीत आणि खाद्याच्या आधी द्यायचं. भरल्या पिशवीत दिलं तर ते अन्नातच मिसळून वाया जातं. घरी दही, पाव वगैरे भरवू नका असं पशुवैद्यांनी बजावलं. दुधातली साखर पचवायची सोय पक्ष्यांत नाही आणि पाव पिशवीत चिकट गोळा होऊन बसतो. ताईंनी फक्त भिजवलेलं लेअर फीड, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा दिलं आणि दर पहाटे हात लावून नोंद केली.

बाकीच्या तिघींचं रक्त तपासलं. त्यांतल्या एकीच्या रक्तात शिसं वाढलेलं होतं आणि ती दिसायला ठणठणीत होती, रोज अंडं देत होती. या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद हीच. कोंबडीत लक्षणं दिसेपर्यंत थांबलं तर अंडी खाल्ली जातच राहतात. शिसं बलकात आणि कवचात उतरतं, पांढऱ्यात फारसं नाही. ताई तीच टरफलं कुटून पुन्हा कोंबड्यांना घालत होत्या, तेही बंद केलं. सगळी अंडी फेकायला सुरुवात झाली आणि मुलीची रक्ततपासणी तिच्या डॉक्टरांकडून करून घेतली. मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलीच्या अहवालात काळजीचं काही निघालं नाही.

आवार हलवलं. जुन्या जागेवरची वरची माती ओली करून काढली, कोरडी झाडली नाही. झाडल्याने धूळ उडते आणि ती माणसाच्या नाकातोंडात जाते. हे काम भावाने हातमोजे आणि मास्क लावून केलं, मुलीला दिवसभर आजीकडे पाठवून. चौकटींवर पक्का नवा थर दिला. खडे वेगळ्या भांड्यात ठेवले, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या.

परिणाम

दुसऱ्या आठवड्यात भुरी दांडीवर चढली. वजन हळूहळू 1 किलो 900 पर्यंत आलं. पुढच्या एक्स-रेत ठिपके उरले नव्हते. रक्तातलं शिसं उतरलं, पण सावकाश. हाडात साठलेलं शिसं नंतरही रक्तात येत राहतं, आणि अंडी देणाऱ्या कोंबडीचं हाड कवचासाठी सतत झिजत-भरत असतं. म्हणून तपासण्या औषध संपल्यावरही चालू ठेवल्या.

अन्नपिशवी पूर्ववत झाली नाही. दोनदा ताणल्यामुळे ती थोडी लोंबते आणि पहाटे कधी कधी सुपारीएवढं काही उरलेलं असतं. अशा पिशवीला आधार देणारा कापडी पट्टा बांधतात. ताईंनी तो आठवडाभर वापरला, पण भुरी तो टोचून काढायची, आणि पिशवी तेवढ्या आधाराशिवायही रिकामी होत होती, म्हणून सोडून दिला. आता लांब गवत, सालं, मोठे तुकडे यांपासून तिला जपतात, आणि संध्याकाळी एकदम मोठं जेवण देण्याऐवजी दिवसभर वाटून देतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या फेरीत थेट दवाखान्यात जायला हवं होतं का? माझं उत्तर नाही. पिशवी घट्ट, वास नाही, कोंबडी सावध, कारण समोर पडलेलं. अशा वेळी दोन पहाटेची मुदत ठेवून घरी प्रयत्न करणं योग्यच होतं. पण बरी झाल्यावर, रिकाम्या पिशवीचं वजन त्याच सकाळी लिहून ठेवलं असतं, तर तीन आठवड्यांतली घसरण दर आठवड्याला दिसली असती. ताई आता चौघींचं वजन पंधरा दिवसांनी, पहाटे, खाद्याआधी करतात.

दुसऱ्या फेरीतले चार दिवस मात्र वाचवता आले असते. महिन्याभरात पिशवी पुन्हा थांबली, आणि या वेळी समोर दिसणारं कारण नाही, एवढं दवाखान्यात जायला पुरेसं होतं. वास आल्यावर "कोणतं औषध" हा प्रश्न सुचतो, कारण त्याचं उत्तर लगेच मिळतं. त्याआधी पाहायच्या गोष्टी घरात करता येण्यासारख्याच होत्या: छातीचं हाड, तुऱ्याचा रंग, पोट खालून फुगलंय का आणि अंडं अडकलंय का, चाल, विष्ठा. पिशवी थांबायला अडकलेलं अंडं, पोटात सांडलेल्या बलकाने झालेला दाह, जंत, मरेक्ससारखा मज्जातंतूंचा आजार, गिझर्डमध्ये अडकलेली वस्तू, यांतलं काहीही पुरेसं असतं. यांपैकी एकाचाही उपचार चोळून किंवा बुरशीचं औषध देऊन होत नाही.

दवाखान्यात नेताना काय सांगायचं, याचीही तयारी असावी. ताईंची वही उत्तम होती, पण ती कोंबडीची वही होती, जागेची नव्हती. आता त्याच वहीत मागच्या पानांवर अंगणात झालेल्या कामांच्या तारखा असतात: खरवडणं, फवारणी, खणणं, नवी जाळी, बांधकामाचा राडारोडा. पशुवैद्यांनी तो प्रश्न विचारला नसता तर चौकटींचा विषय निघालाच नसता.

अंड्यांबद्दल एक निर्णय ताईंनी माझ्या अपेक्षेपेक्षा कडक घेतला आणि तो मला पटतो. औषध संपल्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत हे पशुवैद्यांकडून लिहून घेतलं होतंच. पण ती मुदत औषधाची असते, शिशाची नाही. ताईंनी ठरवलं की चारही कोंबड्यांच्या अंड्यांच्या बलकाची तपासणी लागोपाठ दोनदा ठीक येईपर्यंत एकही अंडं स्वयंपाकघरात आणायचं नाही. पहिली तपासणी झाली तेव्हा तिघींची अंडी ठीक निघाली, भुरीची नाही. दुसरी अजून व्हायची आहे. तोवर मुलगी सकाळी अंडी गोळा करते, प्रत्येकावर तारीख आणि कोंबडीचं नाव लिहिते आणि तपासणीला ठेवायची तेवढी बाजूला काढून बाकीची ताईंकडे देते. हात मात्र लगेच साबणाने धुवायचे, हा नियम तिला पाठ आहे.